कोयत्याची पेज

बेलपाडा, खारघर
८ फेब्रुवारी

प्रिय आई,

आधी पाया पडते आणि मग भांडते. गणपती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही पिशवी भरलीत आणि सुनीताताईंकडे द्रोणागिरीला निघून गेलात, त्याला आता पाच महिने होतील. नातवाची परीक्षा आहे, त्याच्याकडे कुणीतरी बघायला हवं, असं सांगितलंत. घटक चाचणी पाच महिने चालत नाही, एवढं शाळेत नोकरी करणाऱ्या सुनेला कळतं. फोन केला की ताई उचलतात आणि तुम्ही नेमक्या भांडी घासत असता. एवढी भांडी तर हळदीच्या जेवणालाही निघत नाहीत. म्हणून हे पत्र. तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, बोट ठेवून पेपर वाचता, तेव्हा अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. ताईंना वाचायला देऊ नका. चष्मा लावून स्वतः वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

घरचं सगळं ठीक आहे. शेजारच्या टॉवरचं काम आणखी चार मजले वर गेलं, त्यामुळे सकाळचं ऊन आता आपल्या ओट्यावर नऊ वाजता येतं. तुमच्या हरेशनं मागच्या दारची चूल तशीच ठेवली आहे, वर पत्रा टाकला आहे. तुम्ही लावलेली अळूची पानं मी दोनदा खुडली, पण फदफदं तुमच्यासारखं झालं नाही, घशाला खाजलं. हरेश मुकाट्यानं जेवला, आणि त्याचं मुकाट्यानं जेवणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी जानेवारीपासून पनवेलला शाळेत परत जायला लागले. अर्धा दिवस जाते. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे, तर मुख्याध्यापकांनी परीक्षानळ्यांचं एक कपाट खाली आणून दिलं. मला ते आवडलं नाही, पण जिना चढताना मध्येच उभं राहावं लागतं हेही खरं आहे.

माझ्या हृदयाचा आकडा आता चव्वेचाळीस आहे. आजारपणाच्या आधी बासष्ट होता, सप्टेंबरात अडतीसवर आला होता. हृदय आवळलं की आतलं शंभरातलं किती रक्त बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्यांनी हळूहळू वर येतो आहे, किती वर येईल ते सांगता येत नाही. छातीतली गाठ गेली ती गेलीच आहे, आत्तापर्यंतच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. म्हणजे केमोच्या ज्या लाल औषधानं मला वाचवलं, त्यानंच माझं हृदय थकवलं. आणि तुम्ही घर सोडून का गेलात ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तुमच्या शेजारीच बसले होते.

तुमची पेज माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुमच्या माहेरचा, कर्नाळ्याच्या पायथ्याचा तो जुना कोयता, ज्यानं आता कापायला भातही उरलं नाही. सकाळी चुलीत त्याचं पातं लालबुंद करायचं, फडक्यानं मूठ धरायची आणि पेजेच्या टोपात बुडवायचं. चर्र आवाज, वाफ, आणि लोखंडाचा तो वास. बाळंतिणीला चाळीस दिवस देतात तशी तुम्ही मला मे महिन्यापासून रोज दिलीत, कारण माझं हिमोग्लोबिन साडेआठावर आलं होतं. मला उलट्या व्हायच्या, पाणीसुद्धा टिकायचं नाही, पण ती पेज टिकायची. मी तोंड फिरवलं की तुम्ही म्हणायचात, "पोरी, अंगात रगात नाय त दवा कशी झेपंल? पी." मी प्यायचे. माझी स्वतःची आई मी नववीत असताना गेली, तेव्हापासून मला कुणी असं दटावून काही पाजलं नव्हतं.

मग सप्टेंबरातला तो दिवस. पाचवा डोस होऊन गेला होता, माझे पाय सुजले होते, उताणं झोपलं की गुदमरायचं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, आकडा आला आणि त्या तरुण डॉक्टरनं विचारलं की घरात आणखी काही औषधपाणी चालू आहे का. तुम्ही केवढ्या अभिमानानं सांगितलंत, "रोज कोयता इझवून पेज देते मी तिला." तो म्हणाला, "अहो आजी, आयर्न? या औषधाबरोबर आयर्न चांगलं नाही हार्टला." एवढं बोलून तो कॉम्प्युटरकडे वळला. त्याला बाहेर आणखी चाळीस माणसं होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी खिडकीकडे बघितलं. त्यानंतर चुलीत कोयता गेला नाही, आणि आठ दिवसांनी तुम्हीही गेलात. हरेशला वाटलं, तुमचं आणि माझं काहीतरी वाजलं. वाजलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी गेल्या शनिवारी काय बघितलं ते सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

अनुया तुम्हाला आठवते का, माझी जुनी विद्यार्थिनी, पुण्याहून बदलून आलेल्या बँकवाल्यांची मुलगी? दहावीत तिच्या हातून ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, फुटली, मी रजिस्टरात नाव लिहिलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ती आता इथे खारघरलाच एका संशोधन संस्थेत आहे. औषधांनी हृदयाच्या पेशींना इजा कशी होते, ते शोधणं हेच तिचं काम. माझा पहिला डोस सुरू व्हायच्या आधी तिनं माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता आणि एक नळीभर रक्त नेलं होतं. मी विसरूनही गेले होते. शनिवारी तिचा फोन आला, "ताई, आमच्या इथल्या मॅडमची परवानगी काढलीय. तुमच्या पेशी धडधडायला लागल्यात, बघायला येता?"

मी गेले. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्याला टोपी, अंगात तिसऱ्याच कुणाचा तरी झगा. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एक चपटी डबी ठेवली आणि म्हणाली, स्क्रीनकडे बघा. भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी करडं दिसत होतं आणि ते हलत होतं. मला वाटलं, बाजूच्या रस्त्यावरून डंपर गेला असेल, टेबल हलत असेल. अनुया म्हणाली, "टेबल नाही ताई, ते तुम्ही आहात."

आई, ते माझं हृदय होतं. सगळं नव्हे, नखाएवढंही नव्हे, पण माझंच. माझ्या रक्तातल्या पेशींना त्यांनी आधी सगळं विसरायला लावलं होतं, पोटातल्या गर्भाच्या अगदी सुरुवातीला पेशी जशा असतात, ज्यांचं पुढे काहीही होऊ शकतं, तशा करून टाकल्या होत्या. मग त्यांना थोडं थोडं खायला घालत हृदय व्हायला शिकवलं. धडधडायला मात्र कुणी शिकवलं नाही. ते त्यांचं त्यांनी सुरू केलं, एका सकाळी अनुयानं इन्क्युबेटर उघडला तर त्या हलत होत्या. ना रक्त, ना शिरा, ना छाती, ना मी. समोर डबीत माझं हृदय ठोके देत होतं आणि इथे छातीत माझं हृदय ठोके देत होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. तीस वर्षं मी मुलांना कांद्याची साल आणि गालाची पेशी दाखवत आले. पेशी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तिनं आणखी एक दाखवलं. डबीत पेशींची दोन बेटं होती, एक भरभर ठोके देत होतं, एक सावकाश. ती म्हणाली, ही वाढत वाढत एकमेकांना टेकली की परवापर्यंत दोन्हींचा ठोका एक होईल. मी विचारलं, कोण कुणाचं ऐकतं? तर बहुतेक वेळा भरभर चालणाऱ्याचं. मी म्हटलं, आमच्या घरात तसंच आहे, सासूबाईंचंच चालतं. अनुया हसली.

मग तिनं आधी घेतलेलं दुसऱ्या डबीचं चित्रण लावलं. त्या डबीतही माझ्याच पेशी, आणि त्यात घातलं होतं माझंच लाल औषध, मला दिलं होतं तेच. ते औषध स्वतः चमकतं, आई. ठरावीक प्रकाश टाकला की पेशीच्या आत कुठे जाऊन बसलंय ते लाल दिसतं. गाठीच्या पेशीत शिरून तिची वाढायची सूत्रं तोडायची, हे त्याचं खरं काम. पण हृदयाच्या पेशीत ते आणखी एक उद्योग करतं. प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात, श्वासातला ऑक्सिजन वापरून त्या ताकद तयार करतात. हृदयाला सुट्टी नाही, म्हणून त्याच्या पेशी भट्ट्यांनी गच्च भरलेल्या असतात. लाल औषध त्या भट्टीपाशी जातं, तिथून हातोहात पुढे जाणारा एक कण पळवतं आणि भलत्याच वेळी ऑक्सिजनच्या अंगावर टाकतं. मग तोच ऑक्सिजन, ज्याच्यावर आपण जगतो, पिसाळतो आणि दिसेल त्याला चावत सुटतो. औषधाचा रेणू मोकळा होऊन पुढचा कण पळवायला हजर. तोच रेणू, पुन्हा पुन्हा. पेशीत लोखंड असतंच, ते जवळ सापडलं की चावा आणखी खोल जातो. यकृताकडे असल्या पिसाळलेल्या ऑक्सिजनला आवरणारे राखणदार भरपूर आहेत, हृदयाकडे कमी. सगळ्यांत जास्त राबणाऱ्यालाच राखण कमी, हे मला सारखं आठवतंय.

जिथे जिथे तो पिसाळला तिथे हिरवा उजेड पडेल, असं एक रसायन त्यांनी पेशींत घातलं होतं. आधी एक ठिपका लागला, मग दहा, मग सगळी डबी. मे अखेरीला तुमच्या माहेरच्या वाटेवर झाड काजव्यांनी भरतं, अगदी तसं. ते इतकं सुंदर होतं की मला क्षणभर लाज वाटली. हिरवा उजेड वाढत गेला तसा ठोका अडखळला, एखादी पेशी थांबली, आणि तरी बाकीच्या ओढत राहिल्या. त्या चित्रणाच्या शेवटापर्यंत ओढत होत्या. माझ्या नकळत माझ्या आत पावसाळाभर हेच चाललं होतं आणि मी वर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी अनुयाला म्हटलं, म्हणजे हा गंजच. दरवर्षी आठवीला मी तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून दाखवते तो. ती म्हणाली, "शास्त्रज्ञ भांडतील माझ्याशी, पण हो ताई, नात्यातलाच आहे."

तेव्हा मी विचारलं. तुमच्या पेजेचं सगळं सांगितलं, कोयता किती तापवायचात ते, किती महिने दिलीत ते, काही गाळलं नाही. अनुया मला खूश करायला बोलणाऱ्यातली नाही. म्हणाली, औषध ज्या लोखंडाशी संगनमत करतं ते पेशीत आधीपासून असतं, तुम्ही पेज प्यालात काय किंवा नाही काय. पोटातून किती लोखंड आत घ्यायचं यावर शरीराचा कडक पहारा असतो, तापलेल्या पात्यातून पेजेत उतरतं ते थोडं, त्यातलं आत जातं ते आणखी थोडं. उंदरांना आठवडेच्या आठवडे जास्तीचं लोखंड खायला घालून हे औषध दिलं तेव्हा त्यांच्या हृदयाला जास्त त्रास झाला होता, म्हणून डॉक्टर सावध राहायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी घरगुती काहीही देताना आधी विचारायला हवं होतं. पण पेजेनं माझा आकडा खाली आला असं म्हणायला तिच्याकडे काडीचाही पुरावा नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर ती वाद घालेल. एवढं ती म्हणाली, शब्द तिचे आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आणि गंमत ऐका. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं, तर अंगात लोखंडाचा साठा कमी निघाला. थकलेल्या हृदयाला लोखंड कमी पडून चालत नाही म्हणे. लाल औषध केव्हाच बंद झालंय, म्हणून आता त्यांनी मला सलाईनमधून लोखंडच दिलं. काळपट तपकिरी बाटली होती. थेंब थेंब उतरताना मी बघत होते आणि मला कोयत्याचा वास आला. तोच जिन्नस, एका महिन्यात नको आणि दुसऱ्या महिन्यात हवा. शरीराच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात आपण राहतो आणि आपल्याला वाटतं, आपण घर चालवतो.

आता ते लिहिते, जे लिहायला मी पाच महिने घेतले. चौथ्या डोसच्या आधी मला इको करून घ्यायला सांगितलं होतं. हॉस्पिटलात तारीख लांबची होती, म्हणून मी म्हटलं, पनवेलला बाहेर करून घेते. आई, मी ती केलीच नाही. तिसऱ्या डोसनंतरच शाळेचा जिना चढताना माझी छाती धडधडत होती, मला कळलं होतं. पण शेजारच्या खुर्चीवर बसून औषध घेणारी कमळी, ती वाडीवरची, तुम्ही तिला चहा दिला होतात, तिचं हृदय कमजोर निघालं म्हणून तिचं लाल औषध बंद केलं आणि त्यानंतर ती दिसली नाही. मला वाटलं, संपली बिचारी. माझंही औषध बंद करतील आणि गाठ परत येईल, या भीतीनं मी सांगितलं की इको झाली, रिपोर्ट घरी राहिला, आकडा साठ आहे. साठ हा आकडा मी मनानं लिहिला. प्रयोग न करता निरीक्षण लिहिलं म्हणून मी किती पोरांच्या वह्या परत दिल्या असतील, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण मी मनानं लिहिलं. त्यावर त्यांनी चौथा डोस दिला, पाचवा दिला. वेळेवर कळलं असतं तर औषध बदललं असतं, हृदयाला राखण देणारं औषध आधी टोचलं असतं. लवकर पकडलं तर हृदय बरंचसं परत येतं, हेही मला आता माहीत झालंय. आणि कमळी मला जानेवारीत तपासणीला भेटली, चांगली ठणठणीत. लावणीच्या मजुरीला गेली होती म्हणून खाडा झाला, मग दुसरं औषध देऊन तिला बरं केलं. मला बघून म्हणाली, "बाय, तू केवढी वालली गं."

तो डॉक्टर पेजेबद्दल बोलला तेव्हा मला हे सगळं माहीत होतं, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मी खिडकीकडे बघितलं. दोष तुमच्याकडे चालला होता आणि मी त्याला वाट दिली, कारण माझ्यावर तो आला असता तर मला तेव्हा पेलला नसता. मला वाचवायला तुम्ही रोज आगीत हात घातलात आणि मी तुम्हाला घराबाहेर जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंना मी बुधवारी खरं सांगितलं, हरेशला काल. तो बाहेर गेला, धुतलेली गाडी परत धुतली, मग येऊन म्हणाला, "आयेला सांग. मी नाय सांगनार, तूच सांग." म्हणून आई, सांगते. चूक माझी होती. मला माफ करा. कोयता तुम्ही जुन्या लुगड्यात गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला खोचला होतात, तो मला सापडला, त्याला गंज चढला होता. मी तो घासला, तेल लावलं आणि चुलीमागच्या खिळ्याला परत अडकवला. त्याची पेज आता नको, साधीच करा, मीठ थोडं कमी. येत्या मंगळवारी अकरा वाजता माझी इको आहे. तिथे मशीनच्या स्क्रीनवर आकडा येतो, इंग्रजीत असतो, पण आकडे तुम्हाला वाचता येतात, बसवरचे वाचताच. हरेश सोमवारी तुम्हाला न्यायला येईल. तुम्ही माझ्या उशाशी उभ्या राहा, जो असेल तो आकडा मोठ्यानं वाचा. मी तोच लिहीन.

तुमचीच,
ललिता